द्वारकाआत्याच्या खुब्याचा फोटो

माझ्या आत्येभावाचा, गजाननचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले असतील. वर्ध्यातल्या माझ्या टायपिंगच्या क्लासमध्ये दुसरी बॅच बसली होती. फोन कानाशी धरून मी गॅलरीत गेले. "ताई, मोठी माय गेली," तो म्हणाला, आणि नंतर बराच वेळ त्याचा नुसता श्वास ऐकू येत राहिला. रडत असेल असं मला वाटलं. पण तो रडत नव्हता. "तू लवकर येजो," तो म्हणाला. "इथं सारं अडून राह्यलं. जाळायचं का पुरायचं, यावर."

हा प्रश्न आमच्याकडे एरवी कुणाला पडत नाही. मोठ्या माणसाला अग्नी देतात, तान्ह्या लेकराला मातीत ठेवतात. त्यात विचारण्यासारखं काही नसतं. गजाननच्या मोठ्या मायच्या, म्हणजे माझ्या द्वारकाआत्याच्या बाबतीत तो का पडला, हे सांगायचं तर मला बरंच मागं जावं लागेल. आत्या जाऊन आता दीड महिना झाला. तिच्याबद्दल आंजीत आणि आंजीबाहेर इतकं काही बोललं गेलंय की निदान मी पाहिलं तेवढं तरी नीट लिहून ठेवावं, असं वाटतं.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. माहेर देवळीचं, सासर आंजी मोठीचं. सतराव्या वर्षी लग्न होऊन ती गेली आणि मग कायम तिथलीच झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडील मला महिनाभर तिच्याकडे ठेवत. आत्या उंच होती, अंगानं वाळलेली, पण पाठ अशी ताठ की डोक्यावरच्या पितळी गुंडातलं पाणी हलायचं नाही. कापूस वेचताना तिचे दोन्ही हात वेगवेगळ्या बाईचे असावेत तसे चालायचे. बोलायची कमी. मी तिच्या शेजारी निजत असे, म्हणून मला माहीत आहे, ती नेहमी डाव्या कुशीवर निजायची, गुडघे पोटाशी घेऊन आणि उजवा हात खाली ओटीपोटावर ठेवून. अख्खी रात्र तो हात तिथून हलत नसे.

मामाजींनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्यानं, दुसरी बायको केली होती. तिला मी मंजुळामामी म्हणते. गजानन हा मंजुळामामीचा मुलगा. लहानपणी मला या घरातली एक गोष्ट कळायची नाही. गल्लीतल्या बायका आत्याशी बोलायच्या, पण कडेवर लेकरू असलं की ओढणी, पदर, टॉवेल, हाताला लागेल ते त्याच्या तोंडावर टाकायच्या. मी एकदा आत्यालाच विचारलं, ऊन लागतं म्हणून झाकतात का. ती म्हणाली, "हो, ऊन लागते." आणि विषय तिथंच संपला.

आणखी एक गोष्ट मला चांगली आठवते. मी आठेक वर्षांची असेन. आत्या मला एसटीनं देवळीला पोचवायला येत होती. शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईनं वेळ जावा म्हणून तिला विचारलं, लेकरं किती. आत्या म्हणाली, "एक." काय करतो, त्या बाईनं विचारलं. आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, "काई नाई. माह्यापाशीच असते." मी सीटच्या खाली वाकून पाहिलं, मागं वळून पाहिलं... गाडीत आम्हा दोघींशिवाय आमचं कुणी नव्हतं.

खरी हकिगत मला आईनं सांगितली ती पुढं बऱ्याच वर्षांनी, मला सातवा महिना लागल्यावर. सांगितली ती बजावण्यासाठी. लग्नानंतर चौथ्या वर्षी आत्याला दिवस राहिले होते. पोट चांगलं दिसत होतं, लेकरू हलत होतं. सातव्या महिन्यात एका दुपारी शेतात तिच्या पोटात कळ उठली आणि ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर पडली. तीन दिवस तापानं फणफणली. सुईण उशाशी बसून होती. पण काहीच झालं नाही. ना रक्त, ना पाणी, ना मूल. चौथ्या दिवशी ताप उतरला. पोट मात्र तसंच राहिलं. नववा गेला, दहावा गेला, आणि मग ते हळूहळू ओसरत ओसरत सपाट झालं. आत्या सांगत राहिली, लेकरू आतच आहे. सुईण म्हणाली, पोटात नुसतं वारं होतं. सासू म्हणाली, पोरगी पहिल्यापासून खोटं बोलत होती. आणि मग गावात कुणीतरी तिसरंच काही बोललं, की हिनं आपलं लेकरू आतल्या आत खाल्लं. पहिल्या दोन गोष्टी लोक विसरले. तिसरी राहिली.

"म्हणून तिला बोलावलं नाही," आई म्हणाली. माझ्या डोहाळजेवणाचा दिवस होता. देवळीच्या घरात बायका जमल्या होत्या, मला हिरवी साडी नेसवून पाटावर बसवलं होतं, आणि खिडकीतून मला दिसलं की आत्या अंगणात उभी आहे. दोन एसट्या बदलून आली होती. हातात पिशवी. आईनं बाहेर जाऊन पिशवी घेतली, काहीतरी बोलली. आत्यानं मान हलवली आणि फाटकाकडं वळली. वळताना तिनं खिडकीकडं पाहिलं. मी तिला हाक मारू शकत होते. मी साडीचा पदर पोटावरून पुढं ओढून घेतला... हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पिशवीत तिळाचे लाडू होते. आईनं ते गाईला घातले.

चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात आत्या धुणं धुण्याच्या दगडावरून घसरली. पंचाहत्तरी ओलांडली होती तिनं. मामाजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. गजाननला ती उठवता येईना. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पंजा बाहेरच्या बाजूला पार आडवा पडला होता. त्यानं गाडी करून तिला वर्ध्याला आणलं आणि मला बोलावून घेतलं. हाडांच्या एका खाजगी दवाखान्यात आम्ही तिला नेलं. स्ट्रेचरवर ती डोळे मिटून पडली होती. कण्हत नव्हती.

एक्स-रे काढणारा प्रफुल्ल हा तिशीतला, बोलका माणूस. माझ्याकडे टायपिंग शिकून गेलेला, त्यामुळे मला मॅडम म्हणत होता. आधीचा एक पेशंट आटपेपर्यंत मी काळजीनं त्याला काहीबाही विचारत होते आणि तो समजावून सांगत होता. खुब्याचा फोटो एकाच बाजूचा काढत नाहीत, म्हणाला. पूर्ण कंबर घेतात, दोन्ही खुबे शेजारी शेजारी, म्हणजे मोडलेली बाजू चांगल्या बाजूशी ताडून पाहता येते. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या वाटीत नीट बसलाय का, गोळ्याच्या मानेची रेघ सलग आहे की तुटलीय, हाड दाट आहे की विरळ, हे त्यात दिसतं. गोळा आणि वाटी यांच्यामधली काळी फट कमी झाली असेल तर सांधा झिजला. पण सगळंच दिसतं असं नाही, हेही त्यानं सांगितलं. बारीक चीर पहिल्या दिवशी लपून राहू शकते. आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तरुण पोरं खुबा दुखतो म्हणून येतात, त्यांच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, हाड आतून मरायला लागलेलं असतं, तरी सुरुवातीला फोटो अगदी चांगला येतो. तेव्हा मग एमआरआयला पाठवावं लागतं. "फोटोत हाडच दिसते, मॅडम," तो म्हणाला. "हाडासारखं जे जे घट्ट झालं, ते दिसते."

आत्याला आत नेलं. दोन मिनिटांत प्रफुल्ल बाहेर आला आणि विचारू लागला, आजीच्या कमरेला काही बांधलंय का, ताईत, किल्ल्यांचा जुडगा, काही. मी आत जाऊन तिची कंबर चाचपली. काही नव्हतं. लुगडं आधीच सोडलेलं होतं, अंगावर दवाखान्याचा झगा होता. तिच्या खालची चादरही आम्ही ओढून पाहिली. त्यानं पुन्हा फोटो काढला. या वेळी तो लवकर बाहेर आला नाही. मग दार अर्धं उघडून, आवाज उतरवून म्हणाला, "मॅडम, तुम्ही एकट्याच या."

पडद्यावर आत्याची कंबर होती. उजवीकडे हाडाची मान तुटून मांडी वर सरकलेली, ते मलासुद्धा कळलं. आत्याची हाडं राखाडी होती, धुरकट, जुन्या विरलेल्या धोतरासारखी. आणि त्यांच्या मध्ये, जरा डावीकडं, जिथं काळं दिसायला हवं होतं तिथं, तिच्या हाडांपेक्षा कितीतरी पांढरं असं काहीतरी होतं. मोठ्या लिंबाएवढं गोल, एका बाजूनं दबलेलं. त्याला लागून मण्यांची वाकलेली ओळ. कंगव्याच्या दातांसारख्या बारीक रेघा. आणि खाली दोन काड्या, दुमडून वर घेतलेल्या... कुणीतरी गुडघे पोटाशी घेऊन निजलं होतं. खोलीत यंत्राचा पंखा तेवढा वाजत होता. मी काचेपलीकडं पाहिलं. टेबलावर आत्या डोळे उघडे ठेवून छताकडं बघत पडली होती आणि तिचा उजवा हात ओटीपोटावर, अगदी त्या जागेवर होता.

हाडांच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, स्कॅन केला, मग मला आणि गजाननला खोलीत बसवलं. खुब्याची मान तुटलीय, ती या वयात जुळून येणार नाही, गोळा काढून धातूचा बसवावा लागेल, तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभ्या राहतील, हे त्यांनी भरभर सांगितलं. दुसरी गोष्ट सांगताना ते थांबत थांबत बोलले. कधी कधी गर्भ पिशवीच्या बाहेर, पोटातच रुजतो. वाढतो. आणि बाहेर यायला वाट नसल्यानं तिथंच मरतो. लहान असला तर शरीर त्याला विरघळवून टाकतं. मोठा असला तर ते जमत नाही. मग शरीर त्याच्याभोवती चुन्याचा थर चढवतं, वर्षामागून वर्षं, आणि तो दगडासारखा होऊन राहतो. त्यांनी हे फक्त पुस्तकात वाचलं होतं. बाईला त्रास होईलच असं नाही, म्हणाले. काही जणींना मरेपर्यंत कळतही नाही.

"मोठ्या मायले मालूम होतं," गजानन म्हणाला. खाली मान घालून बसला होता तो.

आत्याला सांगायचं काम माझ्याकडं आलं. कसं सांगावं याची मी दारात उभी राहून जुळवाजुळव केली, पण कॉटपाशी गेल्यावर ती सगळी विसरले. फोटो तिच्यासमोर खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हटलं, आत्या, हे बघ. तिनं चष्मा मागितला. बराच वेळ बघत राहिली. तिला आश्चर्य वाटलं नाही, ती रडलीही नाही. "मंग?" ती म्हणाली. "मी काय सांगून राह्यली होती?" जरा वेळानं तिनं विचारलं, "डोकं कोनीकडं हाय?" मी बोट ठेवून दाखवलं. तिनं मान हलवली, जसं काही तिचा हिशेब बरोबर निघाला. डॉक्टर राउंडला आले तेव्हा म्हणाले, आजी, ते काढता येतं, पण मोठं ऑपरेशन होईल, आणि त्रास नसेल तर मी हात लावणार नाही. आत्या म्हणाली, "नका लावू. निजू द्या."

दुसऱ्या दिवशी मंजुळामामी आंजीहून आली. हिची नि आत्याची एकाच घरात पन्नास वर्षं गेली होती. भांडण कधी ऐकलं नाही, पण जवळीकही नव्हती. गजानन जन्मला तेव्हा मंजुळामामी अठरा-एकोणीस वर्षांची असेल. गावानं जे सांगितलं ते तिनं ऐकलं आणि गजानन बसायला लागेपर्यंत आत्याला त्याचं तोंड पाहू दिलं नाही. एकाच घरात, एकाच भिंतीआड. नंतर तोच गजानन आत्याच्या मागं मागं हिंडायला लागला, तिला मोठी माय म्हणू लागला, ते कुणाला थांबवता आलं नाही.

गजाननानं फोटो मामीच्या हातात दिला. तिनं तो उलटा धरला होता, त्यानं सरळ करून दिला. मामी बघत उभी राहिली आणि मग हळूच कॉटच्या कडेवर बसली, जिथं ती एरवी कधी बसली नसती. "पोरगा का पोरगी?" तिनं विचारलं. ते फोटोत कळत नाही, मी म्हटलं.

ऑपरेशन नीट झालं. आत्याला दवाखान्यातून सोडायच्या दिवशी मामी पुन्हा आली ती पिशवीत खण, नारळ आणि तांदूळ घेऊन. दोघीही विधवा. विधवेची ओटी भरत नाहीत आणि विधवेनं भरायची नसते, हे मामीला ठाऊक नव्हतं असं नाही. तिनं आत्यासमोर उभं राहून नुसता पदर पुढं कर म्हटलं. मला वाटलं आता आत्याला भरून येईल. पण आत्यानं दोन्ही हात मांडीवर तसेच ठेवले. "ओटी नको मले," ती म्हणाली. "तुले काई द्यायचंच असन तर माह्यासंग गावात चाल. मी खोटी नाई म्हनून सांग."

आणि मामीनं ते केलं. आत्या वॉकर धरून, मामी हातात फोटो घेऊन, दोघी गल्लीतल्या ज्या ज्या घरी त्या वेळच्या बायका जिवंत होत्या त्या घरी गेल्या. अशा तिघीच उरल्या होत्या. गजानन सांगतो, मामी दारात उभी राहून इतकंच म्हणायची, "द्वारकाबाई खरं सांगत होती. हे पाहा." एक म्हातारी बहिरी झाली होती, तिला काही कळलं नाही. दुसरीनं दार लावून घेतलं. तिसरीनं फोटो उजेडात धरला, पाहिला, आणि ओटीपोटावर पालथा हात ठेवून खाली बसली. ती म्हणे तासभर उठलीच नाही.

मग आत्यानं तो फोटो आपल्या खोलीतल्या पूर्वेच्या खिडकीला लावला. सकाळी ऊन आलं की खोलीत शिरणाऱ्याला आधी तो दिसायचा, उजेडात तरंगणारा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा उंबऱ्यातच थबकले. आत्या त्याच्याखाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होती.

कुणीतरी मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि पुढं पाठवला. महिन्याभरात बायका यायला लागल्या. आधी गावातल्या, मग देवळीच्या, मग समुद्रपूरकडून एसटीनं. मूल होत नाही म्हणून आलेल्या. खिडकीखाली लिंबं, नारळ, हळदकुंकू, बारीक हिरव्या बांगड्या जमायला लागल्या. कुणी फिल्मवर कुंकवाचं बोट टेकवलं, अगदी त्या लिंबाएवढ्या गोलावर. ज्या बाईपासून लेकरं झाकली जात होती तिच्या खिडकीपुढं आता बायका लेकरं मागत होत्या. कुंकू लागलं त्या दिवशी मी तिथं होते. एक तरुण मुलगी डोकं टेकून रडत होती. आत्या उठली, वॉकर न घेता दोन पावलं गेली आणि तिनं फिल्म काढून घेतली. पदराच्या टोकानं कुंकू पुसलं. "ते देव नाई," ती म्हणाली. "माहं लेकरू हाय. त्याले काई मागू नका." आणि त्या मुलीला मात्र तिनं जवळ बसवून पाणी दिलं, वर्ध्यात कोणत्या डॉक्टरीणबाईकडं जावं ते माझ्याकडून लिहून घेऊन दिलं. त्यानंतर फिल्म पेटीत गेली. मोबाइलवर कुणाकडं काही असेल तर ते पुसून टाका, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. माझ्याकडचंही पुसायला लावलं.

एक गोष्ट लिहावी की नाही, मला कळत नव्हतं. लिहिते. ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी गोळा नीट बसलाय का हे पाहायला पुन्हा एक फोटो काढला होता. धातूचा गोळा लख्ख दिसत होता. पण ते... ते डावीकडं नव्हतं. डोकं उजव्या बाजूला, त्या नव्या गोळ्याकडं आलं होतं. प्रफुल्लनं दोन्ही फोटो शेजारी लावून पाहिले. कधी कधी ते सुटं असतं, सरकतं, त्यानं सांगितलं. ऑपरेशननंतर आजी इतके दिवस उताण्या निजल्या, पायांत उशी घेऊन, त्यानं सरकलं असेल. तसंच असेल. मी आत्याला ते समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मले मालूम हाय. फोटो काढला तवापासून ते जागं झालं." आवाज अगदी रोजचा होता, दूध तापलंय असं सांगावं तसा.

आमची शेवटची भेट संक्रांतीनंतरची. ती भिंतीशी उन्हात बसली होती. बरीच थकली होती. मी डोहाळजेवणाच्या दिवसाचं बोलायला गेले, तर तिनं ते ऐकूनच घेतलं नाही. तिला दुसरंच सांगायचं होतं. "निमे, माह्या मांगं एक करजो. मले जाळू देऊ नको. लहान लेकराले कोनी जाळते का? मले पुरजा. त्याच्यासंग." मी हो म्हटलं. नुसतं हो म्हटलं, कारण ते खरंच करावं लागेल असं तेव्हा वाटत नव्हतं.

गजाननचा फोन आला त्या दिवशी मी पोचले तेव्हा अंगणात लाकडांचा ट्रॅक्टर आलेला होता आणि कुणी ती उतरवत नव्हतं. गजाननचे चुलते भाऊराव ऐंशीच्या घरातले, त्यांचा शब्द घरात चालतो. चार लेकी-सुनांच्या घरात असं होत नाही, म्हणाले, उद्या आपल्या दारात कुणी सोयरीक घेऊन येणार नाही. गजानन भिंतीला टेकून उभा होता. मी म्हटलं, आत्यानं मला सांगितलं होतं, मी कबूल केलं होतं. माझा आवाज मलाच लहान वाटला. माहेरच्या माणसाचं अशा वेळी कोण ऐकतं. भाऊराव म्हणाले, म्हाताऱ्या माणसाचं डोकं फिरतं शेवटी.

तेव्हा मंजुळामामी आतून बाहेर आली. दिरासमोर ती कधी डोक्यावरचा पदर सरकू देत नाही, बोलणं तर दूर. "तिचं डोकं कवाच फिरलं नव्हतं," ती म्हणाली. "आपलं फिरलं होतं. तिनं एक गोष्ट सांगतली, ते आपन पन्नास वरसं खोटी म्हनली. आता दुसरी सांगून गेली. हे बी खोटी म्हनता काय?" ट्रॅक्टर तसाच परत गेला.

घरच्या शेतात धुऱ्याजवळ खड्डा खणला. ज्या धुऱ्यावर ती पन्नासाहून अधिक वर्षांपूर्वी पोट धरून पडली होती, तोच तो, हे मला नंतर कळलं. खणणाऱ्यांनाही ते माहीत नव्हतं. गजाननानं तिला खाली उतरवलं तेव्हा मामी वरून म्हणाली, "उताणी नको. डाव्या कुशीवर ठेव." त्यानं तसं ठेवलं. तिचे गुडघे आपोआप दुमडले गेले... की त्यानं दुमडले, मी विचारलं नाही. मी मूठभर माती टाकली. ती काळी माती ओलसर होती आणि पडताना आवाज झाला नाही.

मागच्या आठवड्यात मी आंजीला गेले होते. मंजुळामामी आता आत्याच्या खोलीत झोपते. मला तो फोटो पुन्हा एकदा पाहावासा वाटला. मामीनं तो पाकिटातून काढून माझ्या हातात दिला आणि मी दारात उजेडाला धरला. फिल्म काळी पडत चालली होती. आत्याचे खुबे, ती तुटलेली मान, कमरेची वाटी, सगळं अंधारात बुडालं होतं. आत्या त्यात कुठंच उरली नव्हती. त्या काळ्याच्या मधोमध ते एकटं होतं, पांढरं, गुडघे पोटाशी घेतलेलं.

मी तिथूनच प्रफुल्लला फोन लावला. तो म्हणाला, या फिल्मा उष्णतेनं काळवंडतात, उन्हात लावलेली असेल तर लवकरच. म्हाताऱ्या माणसाचं विरळ हाड आधी जातं, दाट असेल ते शेवटी. दवाखान्यातलं यंत्र बदललंय, जुनं रेकॉर्ड आता मिळणार नाही. थंड जागी ठेवा, म्हणाला, तेवढे दिवस जास्त टिकेल. हे मी मामीला सांगितलं तर ती म्हणाली, तिला ते कळलं होतं, म्हणूनच ती काळजी घेते.

दुपारचं ऊन खोलीत शिरलं तशी मामी उठली. गुडघ्यांवर हात टेकून, हळूहळू. फिल्म तिनं सुती फडक्यात गुंडाळली, छातीशी धरून कोनाड्यातून आतल्या अंधाऱ्या खोलीत नेली आणि भिंतीला हात लावून लावून गार जागा शोधली. तिथं ठेवली. दिवसातून तीनदा अशी हलवते, म्हणाली. सकाळी इथं, दुपारी आत, संध्याकाळी पुन्हा बाहेर. मग माझ्याकडं वळून तिनं ओठांवर बोट ठेवलं, आणि आम्ही दोघी पाय न वाजवता बाहेर आलो.